मदत हवी आहे: घरी केलेल्या ५.१ अँप्लिफायरचं हमिंग जात नाही

फोंडेकर
टीव्हीखालच्या कॉम्प्युटरसाठी घरीच ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) अँप्लिफायर केलाय. वाजतो छान, पण सहाही चॅनलमधून सतत घूंऽऽ. फिल्टर कपॅसिटर दुप्पट केले, शिल्डेड वायर घातली, काडीचा फरक नाही. चवथीला सगळे मूळ घरी जमतात, त्याआधी व्हायलाच हवं. लवकर सांगा.

सोल्डरगन
आयसी कुठला? ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा? कॉम्प्युटरकडून येणारी ऑडिओ पिन काढल्यावर आवाज येतो का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

फोंडेकर
टीडीए ७२९४ आयसीच्या सहा पाट्या (सर्किट बोर्ड). ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, १० अँपिअर. आता सांगा.

मडगावचा_मी
७२९४ घेतलात तिथेच चुकलं. टीपीए ३११६ आयसीच्या तीन पाट्या आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), विषय संपला. माझा चार वर्षं चालतोय, हीटसिंक कोमटसुद्धा होत नाही.

सोल्डरगन
कुठली पाटी घेऊ असं त्यांनी विचारलेलंच नाही. आणि ३११६ सुचवताय तर हेही सांगा, की त्यात स्पीकरची मायनस ही ग्राउंड नसते. जुन्या सवयीने सगळ्या मायनस एकत्र बांधल्या की पाटी गेली. फोंडेकर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

फोंडेकर
कॉम्प्युटरच्या तिन्ही पिना काढल्या की एकदम शांत. स्पीकरच्या जाळीला कान लावला तरी काही नाही. पिन घातली की सुरू.

जुना_वायरमन
मग सोपं आहे. अँपच्या थ्री-पिनमधली अर्थची वायर सोडवा. आम्ही दुकानात वर्षानुवर्षं हेच करत आलो.

रेवती_डिचोली
काका, कृपया हा सल्ला देऊ नका. पत्र्याचा डबा, आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आणि अर्थ तोडायची? उद्या प्रायमरीची (२३० व्होल्टकडची) वायर घासून पत्र्याला लागली तर फ्यूजही उडणार नाही, डबा तसाच जिवंत राहील. आपल्याकडे पावसात फरशी कायम ओलसर आणि घरात सगळे अनवाणी. आमच्या घरी बिनअर्थच्या बोर्डावर कॉम्प्युटर होता. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर पेटायचा, आणि आई फडक्याने पुसायला गेली की हात झटकायची. एसएमपीएसच्या फिल्टरमधून तिथे निम्मा मेन्स येतो, अर्थ नसेल तर तो जायचा कुठे?

जुना_वायरमन
तीस वर्षांत एकालाही शॉक लागलेला नाही. पण जांभ्यात खड्डा मारून केलेलं अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं, हे मीही पाहिलंय. आधी अर्थिंग तपासा.

साखळीकर
चवथीला स्पीकर हवेत कशाला? घुमट, शामेळ, कासाळं घेऊन आरती रंगली की घर भरतं. मुलांना घुमट शिकवा.

फोंडेकर
आरती होणारच आहे. सिनेमा रात्री जेवणं झाल्यावर. कृपया हमिंगचं बघा.

रेवती_डिचोली
टीव्हीला केबलची वायर आहे का?

फोंडेकर
आहे. त्याचा काय संबंध? आवाज तर कॉम्प्युटरमधून येतो.

रेवती_डिचोली
तिथेच संबंध आहे. केबलच्या वायरची जाळी बाहेर खांबाकडे अर्थ झालेली असते. तिथून ती टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयने कॉम्प्युटरमध्ये, आणि पुढे तुमच्या ऑडिओ वायरच्या शिल्डमधून अँपच्या अर्थला येते. दोन अर्थमधला फरक ५० हर्ट्झने स्पीकरमध्ये वाजतो. म्हणून कपॅसिटर वाढवून उपयोग झाला नाही; त्यांचा दोष असता तर आवाज १०० हर्ट्झचा, वरच्या पट्टीत आला असता. टीव्हीमागची ती वायर फक्त उपसून बघा.

फोंडेकर
उपसली!! पाच चॅनल गप्प! तीन आठवडे मी डबा उघडतोय आणि कारण टीव्हीच्या मागे. रेवतीताई, खूप खूप आभार. पण आईला केबल लागतेच. आणि सेंटर स्पीकरमध्ये बारीक घूं अजून आहे.

रेवती_डिचोली
केबलच्या वायरमध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण अर्थचा जोड तोडतो) घाला, एक पुरतो. ऑडिओचे स्वस्त आयसोलेटर घेऊ नका, सबचा बास खातात. अँपच्या डब्याची अर्थ तशीच ठेवा.

सोल्डरगन
सेंटरच्या पाटीचं ग्राउंड शेजारच्या पाटीवरून घेतलंय का? सहाही वायरी वेगवेगळ्या, थेट फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या टोकावर आणा. सेंटर स्पीकर किती ओहमचा?

फोंडेकर
हो, शेजारच्यावरूनच जंपर मारलाय. स्पीकर जुन्या म्युझिक सिस्टिमचा, ४ ओहम.

सोल्डरगन
मग थांबा, हे हमपेक्षा गंभीर आहे. २४-०-२४ मधून रेक्टिफायरनंतर ±३४ व्होल्टच्या आसपास मिळतात. ८ ओहमला चालतं, पण ४ ओहमला ७२९४ साठी ±२७ च्या आतच राहा. मोठ्या आवाजात तो आयसी जाईल. ८ ओहमचा स्पीकर लावा, नाहीतर त्या पाटीला १८-०-१८ चा वेगळा ट्रान्सफॉर्मर.

फोंडेकर
आज रात्री जंपर काढतो. १८-०-१८ म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी मिळेल का? की पणजीलाच जावं लागेल?

मडगावचा_मी
मडगावला या, दुकान दाखवतो. सेंटरपुरती ३११६ ची पाटीही तिथेच बघा, ४ ओहमला ती आरामात चालते.