मदत हवी आहे: गेम डी ड्राइव्हवर, मॉड्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मॉड्स सांभाळायला कोणता प्रोग्राम घ्यावा, व्होर्टेक्स की मॉड ऑर्गनायझर २?

नमस्कार मंडळी,

सांगलीत, गावभागात राहतो. घरी पीसी एकच. त्यावर मी आणि धाकटा भाऊ दोघंही स्कायरिम स्पेशल एडिशन हा गेम खेळतो. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातला आहे आणि डी ड्राइव्हवर आहे. विंडोज ज्या एसएसडीवर आहे ती भरत आलीय. मॉड्सचा (गेममध्ये बदल करणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या फाइलींचा) साठा एका यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवतो. २०१९ च्या महापुरात गल्लीत पाणी आलं, तेव्हापासून घरात नियमच झालाय: जे परत मिळणं अवघड ते चटकन उचलून नेता आलं पाहिजे. मॉड्सचंही तसंच आहे. करणाऱ्याने एखादा मॉड काढून टाकला, की आपल्याकडची प्रत हीच काय ती उरते.

अडचण अशी: व्होर्टेक्सला स्टेजिंग फोल्डर (उघडलेले मॉड्स ठेवायची जागा) या डिस्कवर दिला तर तो हार्डलिंक करता येत नाही म्हणतो आणि मॉड्स डिप्लॉय होत नाहीत, म्हणजे गेममध्ये बसत नाहीत. डिस्कचं फॉरमॅट एक्सफॅट आहे. एनटीएफएस केली तर चालेल का?

हाताने गेमच्या डेटा फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या नाहीत हे पक्कं. दोन मॉड्समध्ये एकाच नावाचं टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागाचं चित्र) असलं की दुसरं पहिल्यावर बसतं, आणि पुढे दुसरा मॉड काढला तरी पहिलं परत येत नाही.

दुसरं म्हणजे भावाला गेमचं रूपडंच बदलायचंय. माझा सेव्ह (साठवलेला खेळ) जुना आहे, मोजक्या मॉड्सवर चाललाय, आणि तो मला जीव लावून जपायचाय. दोघांचं एकाच पीसीवर जमेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (सातारा, गोडोली):

दादा, एनटीएफएस करूनही हे सुटणार नाही. हार्डलिंक म्हणजे फाइलची प्रत नाही, डिस्कवरच्या त्याच डेटाला दिलेलं दुसरं नाव. त्यामुळे जागा वाढत नाही, पण दोन्ही नावं एकाच पार्टिशनवर असावी लागतात. गेम डी वर आहे तर स्टेजिंगही डी वरच हवा. एक्सफॅटमध्ये तर हार्डलिंकची सोयच नाही.

पण तुमचा साठा हलवायची गरज नाही. व्होर्टेक्समध्ये डाऊनलोडचा फोल्डर आणि स्टेजिंगचा फोल्डर वेगवेगळे ठरवता येतात. मूळ झिप आणि सेव्हन-झिप फाइली बाहेरच्या डिस्कवर राहू द्या, उघडलेले मॉड्स डी वर येऊ द्या. पूर आला तर डिस्क घेऊन निघा. त्या फाइलींवरून सगळं पुन्हा बसवता येतं.

भावाचं ऐकून मात्र मी मॉड ऑर्गनायझर २ सुचवेन. तो गेमच्या फोल्डरमध्ये मॉडची एकही फाइल टाकत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये असतो आणि गेम चालू होताना त्याला सगळं डेटामध्येच असल्याचं भासवलं जातं. म्हणून गेम त्याच्यातूनच सुरू करायचा, नाहीतर एकही मॉड दिसणार नाही. लूटसारखी (प्लगिनचा क्रम लावणारी) टूल्सही त्यातूनच चालवा. तुम्हा दोघांचं वेगवेगळं प्रोफाइल करा आणि प्रत्येकात प्रोफाइलपुरते सेव्ह ठेवण्याचा पर्याय टिकवा. मग त्याच्या मॉड्सचा तुमच्या सेव्हला धक्का लागत नाही. तरी सुरुवातीला सेव्हची एक प्रत बाजूला काढून ठेवाच.

एक समजून घ्या: डावीकडच्या मॉड्सच्या यादीत सुट्या फाइलींची भांडणं मिटतात, खाली असलेला मॉड जिंकतो. उजवीकडे ईएसपी प्लगिनचा (गेममधल्या गोष्टी बदलणाऱ्या फाइलींचा) क्रम असतो. हे दोन क्रम वेगळे आहेत. सुट्या फाइलींमधलं टेक्स्चर दुसऱ्या मॉडने झाकलं असेल तर उजवीकडे हलवाहलव करून काही होणार नाही.

मूळ धागाकर्ता:

खूप आभार. डी वर जागा आहे, मॉड ऑर्गनायझरच घेतो. व्होर्टेक्समधून काही मॉड्स आधी डिप्लॉय झालेले आहेत, त्यांचं काय? आणि एसकेएसई (स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर, बऱ्याच मॉड्सना लागणारा जोडप्रोग्राम) कुठे टाकायचं?

प्रतिसाद (सातारा, गोडोली):

आधी व्होर्टेक्समध्ये पर्ज करा. त्याने गेमच्या फोल्डरमधल्या लिंका निघतात, स्टेजिंगमधल्या फाइली तशाच राहतात. नंतर डेटा फोल्डर उघडून काही उरलंय का ते बघा. मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरच्या आत बसवू नका, डी वर वेगळा फोल्डर करा.

एसकेएसईची लोडर एक्झी (तो सुरू करणारी फाइल) आणि डीएलएल (सोबतची प्रोग्राम-फाइल) गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, गेमच्या एक्झीशेजारी जातात. हे हातानेच करावं लागतं. त्यातल्या स्क्रिप्ट्स मात्र नेहमीच्या मॉडसारख्या बसवा. मग मॉड ऑर्गनायझरमधून लोडर चालवायचा. एसकेएसईची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटने गेमची एक्झी बदलली तेव्हा डीएलएल असलेले ढीगभर मॉड्स एका रात्रीत बंद पडले होते. म्हणून स्टीममध्ये या गेमला ‘फक्त सुरू केल्यावर अपडेट’ हा पर्याय आजच लावा.

आणि एखाद्या टूलने बनवलेल्या फाइली सापडेनात, तर ओव्हरराइट नावाच्या फोल्डरमध्ये बघा. नव्या फाइली तिथे जमतात. राइट-क्लिक करून त्यांचा वेगळा मॉड करून टाका, आणि तो ज्याच्या प्रोफाइलचा आहे त्याच्याच यादीत चालू ठेवा.