साधन वर्गात असावं, मुलांच्या फोनवर नको

म्हादईकाठ (वाळपई)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका हायस्कुलात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ऑनलाइन साधनांचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एकाला सगळं मोबाईलवर हवं, दुसऱ्याला मोबाईलचं नावही नको. माझं मत दोन्हीकडे बसत नाही. साधन शिक्षकाच्या हाती हवं, वर्गात हवं, तास चालू असताना हवं. गृहपाठ म्हणून मुलाच्या घरी पाठवू नये.

दहावीचा विजेचा धडा घ्या. बल्बमध्ये विद्युतधारा खर्च होते आणि पुढे कमी उरते, ही समजूत फळ्यावर कितीही बाण काढले तरी जात नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मोफत आहेत. त्यातलं सर्किट प्रोजेक्टरवर लावलं की इलेक्ट्रॉनचे ठिपके बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. दोन्ही बाजूंना धारा मोजणारा ॲमीटर लावा, आकडा एकच. पण त्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. ते गाळलं तर मुलं नुसती बघत बसतात.

दुसरं, आपली बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येऊन पडतात. पुढची दोन-तीन वर्षं विज्ञान कळत नाही की इंग्रजी, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. फेटचे बरेच प्रयोग मराठीतही उघडतात. आधी मराठीत दाखवायचे, मग तेच इंग्रजीत. एकदा उतरवून ठेवले की नेट लागत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा कुणी धरत नाही.

पेडण्याची आई

सर, तुमचा वर्ग तसा असेल. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत साधन म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री नऊला पीडीएफ येते, सकाळी झेरॉक्सवाल्याकडे रांग. प्रोजेक्टचा व्हिडिओ करून पाठवा म्हणतात, तो आईबापच करतात. शिकवायचं काम शाळेचं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन पडलंय. अशी साधनं नसलेली बरी.

निवृत्त मास्तर, डिचोली

२०२० साली सत्तरी-सांगेची मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, ते आपण इतक्या लवकर कसं विसरलो? आणि सर, पडद्यावरच्या बल्बने काय शिकणार? सेल, तार, बल्ब मुलाच्या हातात द्या. जोडणी सैल राहिली की दिवा पेटत नाही, मग तो चूक शोधतो. तेच विज्ञान. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही म्हटलं आहे की शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या उपयोगाचा खात्रीशीर, निःपक्ष पुरावा फार कमी आहे.

म्हादईकाठ

गुरुजी, खरे बल्ब हवेतच, मीही देतो. पण वर्गात चाळीस मुलं आणि चालू ॲमीटर दोन, हे तुम्हीही अनुभवलं असेल. शिवाय खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. २००५ साली कोलोरॅडोतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सिम्युलेशनवर काम केलेले विद्यार्थी संकल्पनांत तर पुढे होतेच, नंतर खरं सर्किट जोडण्यातही मागे पडले नाहीत.

ताई, तुमच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. धाग्याचा मुद्दाच तो आहे. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. मुलांच्या हाती फक्त छापील कार्ड. उत्तर अ असेल तर कार्ड एका बाजूने धरायचं, ब असेल तर फिरवून. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतो आणि कोणाचं काय उत्तर ते तिथेच कळतं. मागच्या बाकावरची, कधी हात वर न करणारी मुलगीही त्यात सुटत नाही. पालकांना एक पैसा खर्च नाही.

निवृत्त मास्तर, डिचोली

तो अभ्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा असणार. शाळेतल्या पोराला तो कसा लावता? कार्डांचं मात्र पटलं.

फोंड्याची टीचर

मला दोन्ही बाजू एकाच कारणासाठी पटत नाहीत. घरी साधन नको, हे ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी आहे किंवा ट्यूशन परवडते त्यांनी म्हणावं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील कुंडईच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करतात. अपूर्णांक वर्गात कळले नाहीत तर ते मूल कुणाला विचारणार? खान अकादमी या मोफत ऑनलाइन धड्यांच्या संस्थेचा मराठी व्हिडिओ ते चार वेळा थांबवून बघू शकतं, कुणी रागावत नाही. सर, तुम्ही घरचा दरवाजा बंद केलात तर ट्यूशनवाल्यांचाच फायदा.

पेडण्याची आई

टीचर, घरात फोन एकच असतो आणि तो शिफ्टला बापाबरोबर जातो. रात्री परत येतो तेव्हा पोरगी पेंगत असते. शिवाय हातात आला की अपूर्णांक पाच मिनिटं, रील्स तासभर. त्या वेळी तुम्ही समोर नसता, आम्ही असतो.

फोंड्याची टीचर

मग शाळा सुटल्यावर संगणकाची लॅब उघडी ठेवा. तिथल्या संगणकांवर कोलिब्री हे सॉफ्टवेअर टाकलं की खान अकादमीचे धडे नेटशिवाय चालतात. मी थांबायला तयार आहे.

पेडण्याची आई

आणि बालरथ, मुलांना ने-आण करणारी शाळेची बस? तो शाळा सुटली की लगेच निघतो. मागे राहिलेल्या मुलीला आमच्या वाड्यावर यायला बस कुठली?

म्हादईकाठ

म्हणूनच तास वेळापत्रकात हवा, शाळा सुटल्यावर नको. टीचर, कोलिब्रीचं तुमचं म्हणणं मी उचलतोय, फक्त वेळ बदलतोय. पाचवी-सहावीला आठवड्यातला एक संगणकाचा तास गणितासाठी द्यावा, गणिताचा शिक्षक तिथे हजर असावा, आणि मूल जिथे अडलं तिथून त्याने सुरुवात करावी. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. ताई, तुमच्याकडच्या बैठकीत रात्रीच्या पीडीएफचा विषय तुम्ही लेखी द्या. तोंडी सांगितलेलं तिथेच राहतं.