काल्मारचा संघ म्हणे स्टॉकहोमच्या कत्तलीनं मोडला!

हिमवाट: परवा इथे एकानं ठोकून दिलं की डेन्मार्कच्या राजा दुसऱ्या ख्रिश्चननं १५२० ला स्टॉकहोममध्ये मुंडकी उडवली नसती, तर डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आजही एकाच राजाखाली, म्हणजे काल्मारच्या संघात, नांदले असते. अहो, १४३४ चं स्वीडनमधलं बंड विसरलात? डेन्मार्कच्या राणी मार्गारेटनं १३९७ ला स्वीडनमधल्या काल्मारला तिन्ही देशांचा राजा म्हणून एरिकचा राज्याभिषेक करवला खरा, पण १४१२ ला ती मरेपर्यंत कारभार तिचाच. पुढे एरिकनं हान्सावाल्यांशी, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या गटाशी, भांडण उकरलं. स्वीडनचं लोखंड पडून, कर मात्र चालू, वर वसुलीला परके अंमलदार. बंडखोर एंगेलब्रेक्टच्या मागे खाणवाले आणि शेतकरी उगाच गेले?

दप्तरदार: तो 'एक' मीच. साहेब, १४३४ नंतर संघ आणखी ऐंशीच्या वर वर्षं टिकला, त्याचं काय? स्टॉकहोमजवळ ब्रुनकेबेर्गच्या लढाईत १४७१ मध्ये डेन्मार्कनं मार खाल्ला, तरी १४९७ ला डेन्मार्कचा राजा हान्स स्वीडनचा राजा झालाच. कत्तलीत ८०-९० माणसं गेली, त्यात पुढे बंड करणाऱ्या गुस्ताव वासाचा बाप. तीन वर्षांत गुस्ताव स्वीडनच्या गादीवर. एवढं ढळढळीत असून दिसत नाही?

बर्गनची सून: सारखं स्वीडन, स्वीडन! स्वीडन सुटला हो, नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या दावणीला. आणि डेन्मार्कच्या पहिल्या ख्रिश्चननं १४६८ ला स्कॉटलंडच्या राजाला दिलेल्या लेकीच्या हुंड्यापायी ऑर्कनी बेटं ५० हजार गिल्डरला गहाण टाकली, पुढल्या वर्षी शेटलंड ८ हजाराला. लेक त्याची, बेटं नॉर्वेची!

दप्तरदार: ताई, विषयांतर.

शेंगदाणा: कसलं विषयांतर? आत्याच्या लग्नात आमच्या आजोबांनी दोन एकर गहाण टाकलं. ते सोडवताना काकाचं शिक्षण सुटलं. पण आजोबांनी निदान स्वतःचं टाकलं!

हिमवाट: गहाणच होतं, विक्री नव्हती. स्कॉटलंडनं १४७२ ला घशात घातलं. डेन्मार्कनं पुढे सोडवून मागितलं, दाद मिळाली नाही.

बर्गनची सून: मागितलं म्हणून आरती ओवाळू? माझ्या सासूबाईंसमोर बोलून बघा हे. जेवण राहील बाजूला.

दप्तरदार: नॉर्वे आधीच प्लेगनं खचलेला होता. सगळं डेन्मार्कच्या माथी मारू नका.

बर्गनची सून: खचलेल्याचं घर लुटलं तर चालतं, असं का?

हिमवाट: मूळ मुद्दा! कत्तलीनं स्वीडनमधलं दालार्ना पेटलं, मान्य. पण गढ्या पाडायला नुसता संताप पुरत नाही. १५२२ ला हान्साच्या ल्यूबेक शहरानं जहाजं दिली, तेव्हा कुठे स्टॉकहोमची कोंडी झाली. आणि ल्यूबेकला स्वीडनचा कळवळा नव्हता, व्यापारात सवलती हव्या होत्या. त्या त्यांनी १५२३ ला पदरात पाडूनही घेतल्या. म्हणजे परत पैसाच.

दप्तरदार: बरं बाबा, जहाजं तुमची. बंड मात्र कत्तलीचंच. आता एवढे हिशेब येतात तर ताईंचं ऑर्कनीही सोडवून द्या.

बर्गनची सून: ५८ हजार गिल्डर काढा, मग बोलू.