मदत हवी आहे: उसाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप) बघायला कोणतं रंगद्रव्य?

मंडळी, आमचं गुऱ्हाळ कराडजवळ आहे. काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) चुन्याची निवळी किती घालायची ते आमचे गुळवे तात्या नजरेनं ठरवतात. नजर पक्की आहे, पण पुढच्या हंगामात ते नसतील आणि मला काहीतरी मोजमाप हवंय. ताज्या रसाचा पीएच साधारण ५.२ ते ५.५ असतो. निवळीनं तो थोडा वर आला की मळी (रसातला गाळ-फेस) छान सुटते, पण चुना जास्त झाला की गूळ काळपट पडतो. म्हणजे खेळ सगळा सहाच्या आसपासचा.

ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंगद्रव्य पीएच ६.० ला पिवळं, मध्ये हिरवं आणि ७.६ ला निळं होतं. साताऱ्यातला दुकानदार तेच घ्या म्हणतो. पण मला हवा तो बदल तिथं जेमतेम सुरू होतो! ब्रोमोक्रेसॉल पर्पल ५.२ ते ६.८ मध्ये पिवळ्याचं जांभळं होतं, ते जास्त जुळेल असं वाटतं. कुणी गुऱ्हाळावर वापरलंय का?

दुसरी अडचण रसाच्याच रंगाची. मळकट हिरवट रसात पिवळं-हिरवं ओळखायचं कसं? पांढऱ्या टाइलवर गार केलेल्या रसाचा थेंब घेऊन बघावं असा विचार आहे. (काहिलीत रंग घालणार नाही, काळजी नसावी.) साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलेल्यांनी जरूर सांगा.

या रंगद्रव्याची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही म्हणतात. सोडियम सॉल्ट मागू की स्पिरिटमध्ये करू? कराड-सांगलीत थोडीच, दहा ग्रॅमच्या आत, कुठं मिळेल?