'हजार वाचक जमवा आणि नोकरी सोडा' म्हणे!

तिरकस_पाटी
ईमेलने लेख पाठवून, म्हणजे न्यूजलेटर काढून, वर्गणीवर जगा सांगणारी कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून हा धागा. "पैसे देणारे फक्त १,००० वाचक जमवा, प्रत्येकी महिन्याला ५ डॉलर, झाले ५,००० डॉलर, आता नोकरी सोडा." खाली नुसत्या टाळ्या, वजाबाकी एकानेही केली नाही. मी करतो. न्यूजलेटर जिथून पाठवतात त्या सबस्टॅक साइटचे १० टक्के म्हणजे ५०० गेले. मग कार्डावरून पैसे घेऊन देणारी स्ट्राइप कंपनी, दर व्यवहाराला २.९ टक्के अधिक ३० सेंट, वर वर्गणी आपोआप कापून घेण्याचे ०.७ टक्के, म्हणजे ५ डॉलरमागे साधारण ४८ सेंट. उरले ४,०२०, कर अजून भरायचाच आहे. आणि हे हजार जण काही जन्माची गाठ बांधून येत नाहीत. समजा महिन्याला ५ टक्के गळाले, तर आहे तिथंच राहायला दर महिन्याला ५० नवे लागणार. फुकट वाचणाऱ्यांतले ५ ते १० टक्के पैसे देतात हे सबस्टॅकचंच म्हणणं, तर ५ धरून ५० साठी हजार नवे फुकटे, तेही दर महिन्याला! हा फुटका रांजण भरत बसायचं तर लिहायचं कधी?

निळी_शाई
साहेब, गणित बरोबर पण मुद्दाम वाईटात वाईट प्लॅन धरलाय. महिन्याची वर्गणी ठेवतो कोण? वार्षिक ठेवा ना. १२ वेळा ३० सेंट म्हणजे ३.६०, वार्षिकला एकदाच ३० सेंट. ५० डॉलरच्या वार्षिकमधून सगळं कापून ४२.९० हातात येतात, आणि वाचक दर महिन्याला "ठेवू की काढू" करत बसत नाही. टेक कंपन्यांवर लिहिणारा बेन थॉम्पसन २०१४ पासून न्यूजलेटर वर्गणीवर चालवतोय, तो काय उपाशी आहे का?

तिरकस_पाटी
आलं, बेन थॉम्पसन आलाच! आता केसी न्यूटनचं नाव घ्या. तो पत्रकार २०२० मध्ये द व्हर्ज ही टेक बातम्यांची साइट सोडून सबस्टॅकवर आला तेव्हा वाचक सोबत घेऊन आला. ज्याला घरचेसुद्धा वाचत नाहीत त्याचं सांगा. आणि हजाराचा आकडा जिथून उचलतात त्या अमेरिकन लेखक केविन केलीच्या २००८ च्या लेखात दर चाहत्यामागे वर्षाला १०० डॉलर धरलेत, ते सोयीस्कर विसरतात.

आठवड्याची_डाक
मी स्वतः पैसे घेऊन लिहिते, म्हणून बोलते. गळती म्हणजे लोक कंटाळून जातात असं सगळे धरून चालतात. माझ्याकडचे बरेच जण गेले कारण कार्डाची मुदत संपली. त्यांना पत्ताही नव्हता! "तुमचं कार्ड चाललं नाही" अशी मेल जाते ती कोण उघडतं, सगळ्यांना ती फसवणूकच वाटते. शेवटी एकेकाला स्वतः दोन ओळी लिहिल्या, तेव्हा काही परत आले.

फुकट_वाचक
मला काय, मित्र पैसे भरतो आणि ग्रुपवर फॉरवर्ड करतो. मस्त चाललंय 😄

आठवड्याची_डाक
लाज नाही वाटत ते ठीक, निदान हे ऐका. त्या मेलच्या तळाशी अनसबस्क्राइबची लिंक असते ती तुमच्या मित्राच्या नावाची. ग्रुपमधल्या कुणीतरी "हे काय कटकट" म्हणून ती दाबली की मेल तुमच्या मित्राला यायची बंद. माझ्या एका वाचकाचं हेच झालं, पैसे भरलेले, मेल येईना, त्याला वाटलं मीच लिहायचं सोडलं! रागाने वर्गणीच रद्द केली आणि वर मला चार शब्द सुनावले.

फुकट_वाचक
मग लिंक नीट बनवा, माझ्यावर काय ओरडता? पाच जणांना ५-५ दिले की महिन्याला २५ डॉलर, त्यात अख्ख्या वर्तमानपत्राची वर्गणी येते, संपादक आणि शब्दकोड्यासकट. तुम्ही आठवड्याला एक मेल टाकता.

निळी_शाई
फॉरवर्ड करणं म्हणजे चोरी, एवढं सरळ आहे.

फुकट_वाचक
चोरी?? लोक पुस्तकं उसनी देतात तेव्हा कुठे असता तुम्ही?

उंबरठा
भांडा तुम्ही. मला त्यांच्यावर राग आहे जे दोन परिच्छेद दाखवतात आणि ऐन मुद्द्यावर कुलूप लावतात. अमेरिकेची इतिहासकार हेदर कॉक्स रिचर्डसन बघा, तिच्या न्यूजलेटरची पत्रं सगळ्यांना मोफत, पैसे देणाऱ्यांना खाली प्रतिक्रिया लिहिता येतात. तरी लोक भरतातच ना पैसे?

आठवड्याची_डाक
तिच्याएवढे वाचक आणून द्या, मीही कुलूप काढते.

निळी_शाई
मूळ मुद्द्यावर या. सबस्टॅकचे १० टक्के खुपत असतील तर घोस्ट या दुसऱ्या न्यूजलेटर सेवेवर जा, तिथे कमिशन शून्य.

तिरकस_पाटी
भाडं आहे ना पण, पहिल्या दिवसापासून, आणि फुकटे वाचक वाढले तरी ते चढतं. २० जण पैसे देत असतील तर सबस्टॅक १० डॉलर घेतं, हजार असतील तर ५००. छोट्याला कमिशन परवडतं, मोठ्याला भाडं. तुमचा वार्षिकचा मुद्दा, बरं, घ्या, मान्य. पण वर्षभराचे पैसे एकदम घेतले की वर्षभर लिहायला बांधलात. मध्येच दमलात तर उरलेल्या महिन्यांचे परत द्यायचे, ते तोवर खर्च झालेले असतात.

आठवड्याची_डाक
हे मात्र खरं. आणि साइट बदलायची असेल तर लवकर बदला. ईमेलची यादी आणि स्ट्राइपवरची वर्गणी सोबत नेता येते, पण सबस्टॅकच्या आयफोन ॲपमधून घेतलेली वर्गणी ॲपलच्या हातात असते.

फुकट_वाचक
मित्राला सांगितलंय, यापुढे तळाची लिंक कापून फॉरवर्ड कर. झालं समाधान?