एनजीसी ४९९३ : श्रेय दीर्घिकेचे की लहरींचे?

अक्षवृत्त : परवा इथे कोणीतरी लिहिले की, १७ ऑगस्ट २०१७ चा शोध दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातल्या तरंगांचा असून ‘एनजीसी ४९९३ ही भिंगाकार दीर्घिका म्हणजे नुसता घटनास्थळाचा पत्ता’. पत्ता नुसता नसतो. चिलीतील स्वोप दुर्बिणीवरच्या चमूने लहरी जिथून आल्या असाव्यात अशा संशयित दीर्घिकांची यादी हाती घेऊन एकेक तपासली, म्हणूनच वासुकी तारकासमूहातला टकरीच्या प्रकाशाचा तो नवा ठिपका अकरा तासांच्या आत सापडला.

रोखठोक : ते ‘कोणीतरी’ मीच. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये नोंदवलेल्या या दीर्घिकेकडे सव्वादोनशे वर्षे कोण फिरकले होते? तिला कोणी लंबवर्तुळाकार म्हणतो, कोणी भिंगाकार. या नावांच्या घोळातून भौतिकशास्त्राच्या पदरात काय पडले?

अक्षवृत्त : बरेच पडले. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत तिच्याभोवती पुसट कवचे आणि गाभ्याजवळ धुळीचे पट्टे दिसतात, म्हणजे तिने पूर्वी एखादी दीर्घिका गिळलेली आहे. तिथे नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. त्यामुळे आदळलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी अब्जावधी वर्षे एकमेकांभोवती फिरत असावी, हा तर्क दीर्घिकेवरूनच निघतो.

खोडदचा शेजारी : तुमचे चालू द्या, पण अशा टकरीत सोने घडते म्हणून वर्तमानपत्रांनी ‘सोन्याची खाण’ म्हणत रकाने भरले, तेव्हा आमच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्या स्फोटाच्या रेडिओ लहरी टिपल्याचा उल्लेख किती जणांनी केला? दर विज्ञान दिनाला आमच्या ओसरीवर पाहुण्यांची रीघ लागते आणि प्रत्येक जण विचारतो, ‘या तबकड्यांवर वाहिन्या किती दिसतात?’

रोखठोक : जीएमआरटीचे काम नंतरच्या पाठपुराव्याचे होते, शोधाचे नव्हे. खंत करायचीच तर हिंगोलीची करा. तिथे व्हायच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाला तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, अंतिम मंजुरी २०२३ ची! चौथा शोधक वेळेत उभा राहिला असता, तर लहरींच्या उगमाची जागा नेमकी कळून यादी चाळण्याची वेळच आली नसती.

खोडदचा शेजारी : पाठपुरावा म्हणून नाक मुरडू नका. ते रेडिओ तेज महिनोन्‌महिने वाढत राहिले, म्हणून तर स्फोटातून काय कसे बाहेर पडले ते उलगडले. आणि २०१६ ला मंजुरी मिळालेला शोधक २०१७ ला चालू झाला असता, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

अक्षवृत्त : शिवाय इटलीतल्या व्हर्गो या शोधकात संकेत जेमतेमच उमटला, म्हणजे लहरी त्याला नीट न दिसणाऱ्या दिशेने आल्या होत्या, आणि त्या क्षीणपणामुळेच शोधायचा आकाशातला टापू आक्रसला.

रोखठोक : बरे, गणित चुकले. हबल स्थिरांकासाठी, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या दरासाठी, दूर जाण्याचा वेग दीर्घिकेच्या वर्णपटातूनच घ्यावा लागला, हेही आपल्या समाधानासाठी मान्य. पण तेरा कोटी प्रकाशवर्षांचे अंतर मोजले लहरींनीच, आणि तुमच्या यादीत ही दीर्घिका होती हा योगायोगच.

अक्षवृत्त : याद्या योगायोगाने तयार होत नाहीत.