घोडा घ्यावा की घोडी? सारंगखेड्याला जाण्याआधी सल्ला हवा

नवा_स्वार
दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारात चार-पाच वर्षांचं जनावर घ्यायचंय. रोज तासभर रपेट, बाकी काही नाही. शेजारच्या मळ्यात दोन घोड्या असतात. घोडा तापट आणि घोडी शांत, हे कितपत खरं? आणि व्यापारी ‘खच्ची आहे’, म्हणजे अंड काढलेला आहे, म्हणाला तर खात्री कशी करायची?

तंग_रिकीब
पर्याय दोन नाहीत, तीन आहेत: अंडील (खच्ची न केलेला) घोडा, खच्ची घोडा आणि घोडी. शेजारी घोड्या आहेत, तर अंडील विसराच. त्यांच्याकडून वारा आला तरी वरचा ओठ मुडपून हुंगत राहतो, खिंकाळतो, अगाडी-पिछाडीला (पुढच्या-मागच्या दोरांना) हिसके देतो. नवख्याच्या हाताला तो ऐकत नाही. बाजारात लोक भरलेली जाड मान बघून भुलतात, पण ती मान अंडीलपणाचीच खूण असते.

घोडी शांत, हे अर्धंच खरं. माजाच्या हंगामात ती साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते, माज 5 ते 7 दिवस राहतो. तेव्हा शेपटी बाजूला धरणं, थोडं थोडं मुतणं, टाच लावली की कान पाडणं हे चालायचंच. गोम अशी की यात्रा डिसेंबरात भरते, आणि थंडीत दिवस लहान असल्याने बऱ्याच घोड्या माजावर येतच नाहीत. बाजारात गाय वाटलेली घोडी एप्रिलमध्ये दुगाण्या झाडू शकते. मात्र बारा महिने तंग (खोगिराचा पोटपट्टा) कसताना चावत असेल, तर माजाला दोष न देता आधी खोगीर आणि पाठ तपासा.

तुमच्यासाठी खच्चीच बरा.

गुरांचा_डॉक्टर
दातांवरून फसू नका. पाच वर्षांच्या नराला सहसा 4 सुळे असतात, घोडीला बहुधा नसतात. पण काही माद्यांनाही बारीक सुळे येतात. खच्ची केल्याने सुळे जात नाहीत, म्हणून त्यावरून खच्चीपणा कळत नाही.

अंडाची पिशवी रिकामी दिसली म्हणजे खच्ची, असंही नाही. कधी एक अंड पोटातच अडकलेलं असतं आणि बाहेरचं तेवढं काढलेलं असतं. असा घोडा दिसतो खच्ची, वागतो अंडील. शंका आली तर रक्तातल्या हार्मोनची तपासणी करून घ्या.

नुकताच खच्ची केलेला असेल तर निदान 6 आठवडे माद्यांपासून लांब ठेवा, नळीत बीज शिल्लक असतं. पहिला दिवस विश्रांती, मग रोज दोनदा चालवा. बांधून ठेवलं की जखम वरून मिटते, आत पाणी साचतं आणि पिशवी सुजते. धनुर्वाताची लस झालीय का, ते विचारा.

घोडीच घेणार असाल तर सोनोग्राफी करा. गाभण काळ 11 महिन्यांचा, पहिले कित्येक महिने पोटावरून काही समजत नाही.

खरारा
निगेतला एक फरक राहिला. नराच्या म्यानात (लिंगावरच्या कातडीच्या पिशवीत) मळ साचतो. लिंगाच्या टोकाशी खळगीत त्याची वाटाण्याएवढी कडक गोळी झाली की लघवीची धार फाटते. वर्षातून एक-दोनदा कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे, जंतुनाशक नको. घोडीला तोच मळ दोन सडांच्या मधे साचतो, मग ती शेपटी भिंतीला घासते आणि मालक जंताचं औषध पाजत बसतो.